सुरू झाली की दाखला

२ जानेवारी १९५८, गुरुवार. राजापेठ, अमरावती

निरोप देताना शाळेनं मला तीन वस्तू दिल्या. शाल, नारळ आणि ही रोजनिशी. शाल पहिल्याच धुण्यात रंग सोडून मोकळी झाली, नारळ नासका निघाला. रोजनिशी कोरी आहे, तिच्यात खोट काढायला अजून जागा नाही, म्हणून लिहायला घेतली.

एकतीस वर्षं त्या शाळेत घासली, त्यातली शेवटची साडेसात हेडमास्तर म्हणून. मुदतवाढ मी मागणार नव्हतोच, पण कमिटी आपण होऊन देईल असं वाटलं होतं. सेक्रेटरीच्या भाच्याला मॅट्रिकच्या वेळी अडचण होती, तेव्हा शाळेच्या दाखल्यात त्याचं वय एका वर्षानं कमी करून दिलं होतं मी. तेव्हा दोन्ही हात धरून "उद्धवराव, विसरणार नाही" म्हणाला होता. आता भाषणात चार वाक्यं बोलला आणि घड्याळाकडे पाहत खाली बसला.

सकाळी उगाच मागच्या गोठ्यात गेलो. गायीच्या पलीकडे, गोणपाटाखाली, माझी फटफटी उभी आहे. शेहेचाळीस साली लष्कराच्या लिलावात घेतलेली. चार वर्षं तिच्यावरून शाळेत गेलो, पार अकोल्यापर्यंत जाऊन आलो. हेडमास्तर झालो तेव्हा कमिटी म्हणाली, हेडमास्तरानं फटफटीवर येणं पोक्त दिसत नाही. मी निमूट ऐकलं आणि सायकल घेतली. आता मला कोणाला पोक्त दिसायचं आहे? सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला फटफटीवर जायचं, थेट मैदानात, सेक्रेटरीच्या कानाशी आवाज काढत. बायकोला, गोदावरीला, सांगितलं तर ती म्हणाली, या वयात? म्हटलं, याच वयात.

४ जानेवारी

राजापेठेतल्या सायकलवाल्यांना विचारलं, सगळ्यांनी मान हलवली. मग देवमनची आठवण झाली. हा माझा विद्यार्थी, सातवीपर्यंत. त्या काळात इतर शाळांत या मुलांना व्हरांड्यात बसवायचे. मी त्याला वर्गात बसवला होता, दाराजवळच्या वेगळ्या पाटावर का होईना. पुढे लढाईत गेला, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लष्कराच्या फटफट्या दुरुस्त करायचा म्हणे. आता इथल्या कापसाच्या एका जिनात इंजिनापाशी रोजंदारीवर आहे. परवाच्या सालापासून ती मंडळी बौद्ध झाली आहेत. दारात येऊन "जय भीम, मास्तर" म्हणाला. मी "हो हो, ये" म्हणालो. अशा वेळी काय म्हणावं हे अजून नीट बसलेलं नाही.

पैशाचं विचारलं तर नको म्हणाला. त्याला दाखला हवा आहे. अकोल्यात मोटारींच्या एका कारखान्यात मेकॅनिकची पक्की जागा निघाली आहे. लष्कराचे कागद घर जळालं त्यात गेले, म्हणून इंजिनाचं काम येतं असा एखाद्या जबाबदार गृहस्थाचा दाखला हवा. अर्ज एकतीस जानेवारीच्या आत पोचला पाहिजे. मी म्हणालो, देवमन, दाखला देईन, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. फटफटी सुरू झाली की त्याच क्षणी लिहून हातात देतो. त्याला ते पटलं. चेहऱ्यावरून तरी पटल्यासारखं वाटलं.

६ जानेवारी

देवमन जिनातली पाळी संपवून तीनला येतो, दिवेलागणीला जातो. गोठ्याला मागच्या बोळातून वाट आहे, तो तिकडून यायला निघाला होता. मी म्हटलं, मुळीच नाही, पुढच्या दारानं ये. ओसरीवरून, माजघरातून, सगळ्या आळीच्या देखत त्याला आत नेला. शेजारी मोरोपंत, कोर्टातले रिटायर शिरस्तेदार, पेपर खाली करून पाहत राहिले. गोदावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक अक्षर बोलली नाही. पंधरा वर्षांपूर्वी हीच बाई घर डोक्यावर घेती. माणूस बदलतो, बदलवणारा लागतो.

गोणपाट काढलं तर काय विचारता! गादीत उंदरांनी संसार मांडला होता. टाकीवर आठ दसऱ्यांचं हळदकुंकू थरावर थर साचलेलं, टोपणाच्या फटीतून अक्षता टाकीत गेलेल्या. जुनं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला आहे. पिस्टन जाम. देवमननं प्लग काढला, भोकातून रॉकेल आणि तेल ओतलं, म्हणाला चार दिवस मुरू द्या. पुर्जा हातात घेतला की त्याचं तोंड बंद होतं. वर्गातही असाच होता, उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही.

पाचला आम्ही दोघांनी गोठ्यातच चहा घेतला. त्याला कान तुटलेला कप दिला होता, आता तोच त्याचा ठरला आहे. उगाच घोळ नको.

९ जानेवारी

पिस्टन सुटला! देवमननं किकवर पाय ठेवून हळू हळू वजन दिलं आणि आतून कचकन आवाज आला. मी जवळजवळ ओरडलोच. तो हसला, लढाईतून आल्यापासून पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिलं. म्हणाला, इंजिन तब्येतीचं हाय, मास्तर, फक्त झोपून राह्यलं होतं. त्याला अकोल्याची जागा मिळाली तर बायकोला, मैनाला, जिनातल्या रुईच्या धुळीतून सोडवणार म्हणत होता. तिला खोकला आहे.

१२ जानेवारी, रविवार

टाकी धुतली, अक्षता झटकल्या, कार्ब्युरेटर सुईनं साफ केला. मॅग्नेटो उघडला, म्हणजे ठिणगी तयार करणारा तो डबा. त्याचं झाकण तडकलं आहे, तेवढं एक वैगुण्य. दिवेलागणीला प्लग सिलिंडरला टेकवून किक मारली तर निळीशार ठिणगी! मी म्हटलं ओत पेट्रोल. देवमन नाही म्हणाला. शेजारी कडब्याची गंजी, हातात कंदील, अशात पेट्रोल ओतायचं नाही, हा लष्कराचा नियम. उद्या उजेडात सुरू करू. बरोबर आहे. मी दाखल्याचा मजकूरसुद्धा मनात जुळवून ठेवला.

१३ जानेवारी

ठिणगी नाही. देवमननं मॅग्नेटो उघडून बोट फिरवलं, बोट ओलं. म्हणाला, मॅग्नेटो वला हाय, मास्तर. मी म्हटलं दव पडलं असेल. त्यानं वर पाहिलं. गोठ्यावर टिनाचं छप्पर आहे. मग म्हणाला, असन. उन्हात धरून, फडक्यानं पुसून वाळवेपर्यंत दिवेलागण झाली. ठिणगी आली. पण कंदील लागला होता.

१४ जानेवारी, संक्रांत

आज पुन्हा तेच. ओला, वाळवला, संध्याकाळी ठिणगी, पेट्रोल उद्या.

मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. गोदावरीनं आज देवमनला स्वतःच्या हातानं तिळगूळ दिला. हात जरा वरून धरला होता, एक लाडू खाली पडला, पण दिला. मोरोपंतांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, उद्धवराव, तुम्ही फार पुढे गेलात.

१७ जानेवारी

काल संध्याकाळी मी स्वतः फटफटीवर सतरंजी टाकली, चारी बाजूंनी खोचली. म्हटलं, पाहू आता दव कुठून शिरतं. सकाळी पाहतो तर सतरंजी अंगणात दोरीवर, धुऊन वाळत घातलेली. गोदावरीला स्वच्छतेचं वेड आहे, काय बोलावं! आणि मॅग्नेटो ओलाच. टाकीवर एक तुळशीचं पान चिकटलेलं होतं, वाऱ्यानं आलं असावं.

देवमननं आज बोट नाकाशी नेलं. मग विचारलं, "मास्तर, मी गेल्यावर इकडे कोन येते?" म्हटलं, कोण येणार, मी आणि माझी बायको. "हो," म्हणाला आणि फडकं पिळायला लागला.

जाताना म्हणाला, मॅग्नेटो काढून घरी नेतो, रातभर चुलीपाशी ठेवतो, उद्या आणून बसवतो. मी नाही म्हटलं. वस्तू घराबाहेर गेली की ती वस्तू राहत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याच्यावर अविश्वास अजिबात नाही. पण त्याच्या वस्तीत चार लोकं येतात जातात.

२१ जानेवारी

तीन दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. ओला, वाळवला, ठिणगी, उद्या. आता कंटाळा यायला लागला आहे.

मोरोपंत आज पत्ते पिसता पिसता म्हणाले, तुम्ही भोळे आहात, उद्धवराव. रोजचा चहा आहे, हेडमास्तराच्या घरात पुढच्या दारानं येणं आहे, कशाला लवकर संपवेल तो? मी त्यांना झटकलं. म्हटलं, एकतीस वर्षं पोरं पाहिली आहेत, खरा खोटा मला कळतो. पण घरी येताना डोक्यात तेच. मॅग्नेटो ओला होतो तो कशानं? हात फक्त त्याचाच लागतो.

देवमननं आज दाखल्याची गोष्ट काढली. दहा दिवस राह्यले मास्तर, म्हणाला. मी म्हटलं, मलाही सव्वीस तारीख आहे.

२४ जानेवारी

आज लक्ष ठेवून त्याच्या समोर बसलो. काही वावगं दिसलं नाही. उलट त्यानं झाकणाच्या तड्याला मेण लावलं, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधला. आता पाणी जाणार नाई, म्हणाला. मग इतके दिवस हे का नाही सुचलं, असं विचारलं तर म्हणाला, "इतकं पाणी येईन असं वाटलं नोतं." हे काय उत्तर झालं?

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण लिहितो.

जिन बंद म्हणून देवमन सकाळी सहालाच आला. ट्यूबचा तुकडा सोडून बाजूला पडलेला, मेणात कोणीतरी बोटं खुपसल्यासारखं. मॅग्नेटो ओला. देवमन मान खाली घालून पुसत राहिला. मी कोट, टोपी घालून उभा. साडेसात वाजले, झेंडावंदन आठला. शेवटी चालत गेलो. गेल्या आठवड्यात मीच अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मैदानात सगळ्यांचे डोळे माझ्या चपलांवर. सेक्रेटरी हसून म्हणाला, काय उद्धवराव, गाडी कुठं ठेवली? पोरं खिदळली. मी झेंड्याकडे पाहत राहिलो.

२७ जानेवारी

आज देवमनला काढलं.

तीनला आला, नेहमीसारखा मॅग्नेटोशी बसायला लागला. मी म्हटलं, राहू दे. तुला काम येत नाही, किंवा तुला करायचं नाही. दोन्हींपैकी काय ते तूच सांग. माझा आवाज वर गेला होता, गाय दावं ओढायला लागली.

तो उठून उभा राहिला. "काम झालं हाय, मास्तर. पुर्जा अन् पुर्जा झाला. सुरू काहून नाई होऊन राह्यली ते तुमाले माहीत हाय."

ही उद्धट बोलायची रीत मी वर्गात एका छडीत बंद केली असती. म्हटलं, मला काय माहीत? मी मेकॅनिक आहे का? त्यानं खाली पडलेलं फडकं उचललं. मग हत्यारं पिशवीत भरली आणि आज पहिल्यांदाच मागच्या बोळातून गेला.

संध्याकाळी गोदावरी म्हणाली, बरं झालं, सुटले एकदाची. मी म्हटलं तू कशातून सुटलीस? ती म्हणाली, कामातून.

२९ जानेवारी

देवमन आला होता. पायरीच्या खाली उभा राहिला, ये म्हटलं तरी वर आला नाही. हातात अर्ज होता, अक्षर माझ्याच शाळेचं, गोल आणि स्वच्छ. म्हणाला, "सुरू झाली असं नका लिहू. जाम पिस्टन सोडवला, ठिणगी आणली, इतकंच लिहा. ते तर खरं हाय ना?"

ते खरं आहे. पण शब्द म्हणजे शब्द. सुरू झाली की दाखला, असं ठरलं होतं. आज एकासाठी वाकवला तर उद्या कोणीही येईल. मी त्याला सांगितलं, देवमन, एकतीस वर्षांत मी एक खोटा दाखला दिलेला नाही. तो म्हणाला, बरं मास्तर. अर्जाची घडी करून टोपीत ठेवली.

जेवण नीट गेलं नाही. कठोर झालो का? पण तत्त्व पाळताना थोडं कठोर व्हावंच लागतं.

३१ जानेवारी

आज एकतीस. दुपारभर वाटत होतं, कोणीतरी दार वाजवेल. कोणी आलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सुरू झाली!!

सहा दिवस गोठ्यात फिरकलो नव्हतो. आज सकाळी सहज गेलो. मॅग्नेटो उघडला, बोट फिरवलं, खडखडीत कोरडा. पेट्रोल ओतलं. देवमन सांगायचा तसं किकवर पाय ठेवून आधी हळू दाबलं, मग जोरात. पाचव्या किकला अशी धडधडली की गाय खुंटा उपटून अंगणात. डोळ्यांत पाणी आलं, धुरानं आणि खरोखरीचंही. बडनेऱ्याच्या रस्त्याला चार मैल जाऊन आलो. पंचावन्नाव्या वर्षी वारा पुन्हा तोंडावर घेतला.

आणि आता गोष्ट अगदी स्वच्छ झाली. तो होता तोवर रोज ओला. तो गेला आणि कोरडा. मोरोपंत म्हणाले, बघा, मी काय म्हणत होतो? ज्याला वर्गात बसवला त्यानं असं करावं याचं वाईट वाटतं. दाखला दिला नाही ते किती बरं झालं! भैताडासारखा फसलो असतो.

३ फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी फटफटी पुसत होतो. गोदावरी धार काढत होती. फार दिवसांनी गुणगुणत होती. म्हणाली, आता कशी पटकन सुरू होते, आणि माझाही रोजचा ताप गेला. मी विचारलं कसला ताप? तर म्हणाली, तो गेला की रोज ओसरीपासून इथपर्यंत शिंपडत यायचं म्हणजे काय कमी काम आहे का? गोमूत्र धरून ठेवायचं, त्यात तुळस, मग पाणी. कंबर मोडून गेली.

मी म्हटलं, गाडीवर? ती म्हणाली, गाडीवर तर तांब्याच उपडा करायची. जिथं त्याचा हात जास्त लागायचा तिथं जास्त नको का? मागून तर त्यानं तिथं काय ते मेणबिण लावून बांधून ठेवलं होतं, ते सोडावं लागायचं.

मी ओरडलो. इतका की मोरोपंत भिंतीवरून डोकावले. ती घाबरली नाही. धारेची चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही त्याला माजघरातून आणलात, मी एक शब्द काढला का? तुमचं तुम्ही केलंत, माझं मी केलं. आणि ओल्या ओसरीवरून रोज पाय टाकत होतात ना तुम्ही? एका दिवशी तरी विचारलंत का, ही ओली कशानं?"

विचारलं नव्हतं. आठवून पाहिलं. रोज दिवेलागणीला ओसरी ओली असायची, तळव्यांना गार लागायचं. मला ते बरं वाटायचं.

४ फेब्रुवारी

दाखला लिहिला. चार फाडले. पाचवा ठेवला.

५ फेब्रुवारी

तीननंतर फटफटी घेऊन देवमनच्या वस्तीत गेलो. अशा ठिकाणी शिक्षणाच्या प्रचाराला एकदा गेलो होतो, पण झाडाखाली सभा घेऊन परत आलो होतो. आवाज ऐकून लोकं बाहेर आली. देवमन खाटेवर बसून कोणाची तरी सायकल जोडत होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली उदबत्तीची राख. माझ्यासाठी खाट झटकली, स्वतः उभा राहिला.

मी दाखला दिला. त्यानं शब्द न् शब्द वाचला, मग पुन्हा वाचला. चांगला लिहिला, मास्तर, म्हणाला. मग घडी घालून परत माझ्याकडे धरली. अकोल्याच्या जागेवर माणूस घेतला म्हणे, परवाच. मी म्हटलं राहू दे, पुढे कुठे उपयोगी पडेल. त्यानं तो तसबिरीमागे खोचला.

मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. गोदावरीचं, तांब्याचं, सगळं. वाटलं होतं तो चिडेल, किंवा निदान चकित होईल. तो सायकलीची साखळी चढवत होता, चढवत राहिला.

"मले पाचव्या दिवशीच समजलं," म्हणाला. "वास काय लपते?"

मी म्हटलं, अरे मग बोलला काहून नाहीस? एका शब्दानं काम झालं असतं!

त्यानं हात पुसले. "मले वाटलं, तुमाले माहीत हाय. मले वाटलं तुमीच सांगतलं असन घरात, शिंपडत जा म्हणून."

त्याची बायको मैना तेवढ्यात चहा घेऊन आली. कप नवा होता, बशीसकट, बहुधा शेजारून आणलेला. खोकला दाबत उभी होती. मी म्हणालो, मी यावेळी चहा घेत नाही, पित्त होतं. देवमननं तिच्या हातातला कप घेतला आणि स्वतः प्यायला, अगदी सावकाश, माझ्याकडे न पाहता.

निघताना फटफटी सुरू होईना. तापली होती की मी घाबरलो होतो, कोण जाणे. दहा किका मारल्या, घाम फुटला, पोरं जमली. मग देवमन उठून आला. कसलासा खटका मागे केला, मॅग्नेटोच्या झाकणावर हात ठेवून पाहिला, एक किक मारली आणि गाडी चालू करून हँडल माझ्या हातात दिलं. "जय भीम, मास्तर." मी मान हलवली. आवाज फार होता, बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

घरी आलो तेव्हा गोदावरी अंगणातच होती. कुठे गेला होतात? सांगितलं. तिनं विचारलं, त्यानं गाडीला हात लावला का?

एक क्षण होता. नाही म्हणता आलं असतं. किंवा हो म्हणून, ती तांब्या आणेल तेव्हा तो तिच्या हातातून घेता आला असता. मी "हो" म्हणालो. मी खोटं बोलत नाही. ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. मी चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हटलं रस्त्याची धूळ फार होती, आंघोळच करून घ्यावी. पाण्याचा आवाज येत होता, माझ्या न्हाणीतलाही आणि गोठ्यातलाही.

६ फेब्रुवारी

सकाळी चाळीस किका मारल्या. सुरू झाली नाही.